बर्गनचा तराजू आणि ग्रीनलंडचं गवत

1327 सालच्या उन्हाळ्यात नॉर्वेतल्या बर्गन बंदरात एक ढीग तराजूवर चढला. ढीग होता वॉलरसच्या, म्हणजे आर्क्टिक समुद्रातल्या सीलसारख्या अवाढव्य जनावराच्या, सुळ्यांचा. माल ग्रीनलंडहून आलेला, आणि त्याचा धनी होता दूर दक्षिणेला आव्हिन्योंत बसलेला पोप. धर्मयुद्धाच्या खर्चासाठी चर्चने आपल्याच उत्पन्नावर सहा वर्षांचा दशांश बसवला होता. ग्रीनलंडच्या धर्मप्रांताकडे चांदी नव्हती, म्हणून त्याने सुळे पाठवले. पोपच्या वसुली अधिकाऱ्याने वहीत आकडा मांडला: 127 लिस्पुंड. आजच्या मापात साडेसहाशे किलोंच्या वर. पुढे तो माल फ्लँडर्सच्या एका व्यापाऱ्याने उचलला.

ओस्लो विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ ख्रिश्चन केलर यांनी या ढिगाची किंमत त्या काळच्या भावांत उतरवून पाहिली. ती निघाली सुमारे 780 गाईंची, किंवा जवळपास 60 टन वाळवलेल्या कॉड माशाची. सुळे पाचशेच्या वर असणार, म्हणजे मारलेली जनावरं अडीचशेच्या वर.

ग्रीनलंडमधल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियन लोकांच्या, वस्तीच्या साडेचारशे वर्षांत तिच्या मालाचं असं वजनासकट टिपण जवळपास एवढंच. त्यामुळे या व्यापाराबद्दल कोणीही काही लिहायला बसलं की बर्गनच्या तराजूपाशी येतंच. मीही आलो. फक्त मला तराजूच्या दुसऱ्या पारड्यात चांदी नाही, गवत ठेवून बघायचंय.

एक मोह आधीच बाजूला ठेवतो. दशांश म्हणजे दहावा भाग, मग याला दहाने गुणा, सहाने भागा, की वर्षाला मारलेल्या वॉलरसांचा आकडा हातात! हा हिशेब करू नये. कर चर्चच्या उत्पन्नावर होता, सगळ्या वस्तीच्या शिकारीवर नव्हे. चर्चचं उत्पन्न म्हणजे गाई, लोणी, कातडी, जमिनीचा खंड असं सगळं मिळून. ते परदेशी पाठवायला सोपं आणि किमती व्हावं म्हणून त्याचं रूप बदलून सुळे झाले. एवढं मात्र नक्की की इतके सुळे जमवायची ताकद त्या चर्चकडे होती.

वस्ती आणि तिच्या गरजा

लाल एरिक आइसलंडहून माणसं घेऊन ग्रीनलंडला गेला तो 985च्या आसपास. दोन वस्त्या झाल्या. मोठी ती ‘पूर्व वस्ती’, बेटाच्या दक्षिण टोकाजवळच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे लांब अरुंद खाड्यांमध्ये. धाकटी ‘पश्चिम वस्ती’, तिथून बरीच वायव्येला, आजच्या नूक शहरामागच्या खाड्यांत. नावं पूर्व-पश्चिम असली तरी दोन्ही बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच. भरात असतानाही सगळी मिळून दोन-अडीच हजार माणसं. आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी गावाएवढी लोकसंख्या, शेकडो किलोमीटर किनाऱ्यावर विखुरलेली.

ही माणसं मुळात शेतकरी होती, आणि त्यांचं पीक म्हणजे गवत. गाई, मेंढ्या, शेळ्या यांच्यावर संसार. हिवाळा इतका लांब की गाई वर्षाचा मोठा भाग गोठ्यात बांधलेल्या, आणि तेवढ्या दिवसांचा चारा उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत कापून, वाळवून, आत घ्यायचा. गंजी कमी पडली की वसंतात गाई मरणार. हे साधं गणित या प्रकरणाच्या मुळाशी आहे.

बाहेरून काय लागत होतं? लोखंड आणि बांधकामाचं लाकूड. ‘राजाचा आरसा’ नावाचा तेराव्या शतकातला नॉर्वेजियन ग्रंथ हेच सांगतो: जमीन कसायला, घर बांधायला जे लागतं ते या लोकांना परदेशातून घ्यावं लागतं. बदल्यात त्यांच्याकडे काय असतं? कातडी, सीलची कातडी, वॉलरसच्या चामड्याचे दोर, आणि वॉलरसचे दात. ते दोर असे की साठ माणसांनी ओढले तरी तुटत नाहीत, असंही तो ग्रंथ म्हणतो. शिडाच्या जहाजांना असे दोर हवेच असत. त्याआधी साडेतीनशेच्या वर वर्षं, 890च्या सुमारास, ओत्तार नावाचा उत्तर नॉर्वेचा एक सरदार इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाकडे गेला होता. तोही वॉलरसचे दात भेट घेऊन गेला आणि दोरांचं वर्णन करून आला. माल जुनाच, ग्रीनलंडने त्याची खाण शोधून काढली.

1282 सालचं पोप मार्टिन चौथा याचं निदारोसच्या (आजचं त्रॉन्हाइम) आर्चबिशपला लिहिलेलं पत्र आहे. आर्चबिशपने कुरकुर केली होती की ग्रीनलंडचा दशांश येतो तो बैलांची कातडी, सीलची कातडी, दात आणि दोर यांत, आणि त्याला धड भाव मिळत नाही. पोपचं उत्तर: विका, आणि सोनं किंवा चांदी करून पाठवा. पंचेचाळीस वर्षांनी बर्गनला झालं ते नेमकं हेच.

माशाचे दात

शब्दाबद्दल थोडं. मराठीत ‘हस्तिदंत’ म्हटलं की त्यात हत्ती आलाच; वॉलरसच्या सुळ्यासाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही. अरबी भूगोलकारांनी, रशियन व्यापाऱ्यांनी आणि फारसी लिहिणाऱ्यांनी त्याला एकच नाव दिलं: माशाचा दात. समुद्रातून येतो म्हणजे मासा, इतकं सरळ. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत ‘दंदान-ए-माही’बद्दल केवढ्या हौसेने लिहिलंय! इराणच्या शाह अब्बासकडून आलेली खंजिराची ठिपकेदार मूठ पाहून तो इतका हरखला की असे दात शोधायला त्याने इराण-तुराणात माणसं धाडली. तोवर ग्रीनलंडची नॉर्स वस्ती संपून सुमारे दोन शतकं लोटली होती, त्यामुळे जहांगीरची मूठ या प्रकरणाच्या हिशेबात धरता येत नाही.

सुळा दिसायला हस्तिदंतासारखा, पण आतून वेगळा. वरचा थर गुळगुळीत, एकसारखा. गाभा दाणेदार, संगमरवरासारखा चट्ट्याचट्ट्यांचा. कारागीर वरच्या थरातच काम उरकायचा प्रयत्न करतात, म्हणून वॉलरसच्या दातातल्या मूर्ती लहानखुऱ्या आणि जाडजूड असतात. ल्युइसचे बुद्धिबळाचे मोहरे पाहा. 1831 मध्ये स्कॉटलंडच्या ल्युइस बेटावर सापडलेल्या 93 वस्तूंपैकी 78 मोहरे, बहुतेक वॉलरसच्या दाताचे. 82 वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये, 11 एडिंबरात. घडवले गेले बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्रॉन्हाइममध्ये घडवले असावेत हे मत सगळ्यांत प्रबळ. आपण ज्याला उंट म्हणतो तो तिथे टोपी घातलेला बिशप. आपला हत्ती तिथे पहारेकरी झालाय, आणि त्यातले काही भीतीने की रागाने आपल्याच ढालीचा काठ दातांनी चावताहेत. त्या संचातला हरवलेला एक पहारेकरी 1964 मध्ये कुणीतरी 5 पौंडांना घेतला होता. 2019 मध्ये लिलावात तो 7,35,000 पौंडांना गेला. हत्ती नसलेल्या देशात, हत्तीशिवाय, समुद्रातल्या जनावराच्या दातातून चतुरंगाचा खेळ उभा राहिला, याचं मला अजून नवल वाटतं.

कोणाचा दात, कळलं कसं

तयार मूर्ती फोडून तपासायला कोणतंही संग्रहालय देणार नाही. मदतीला आलं ते पॅकिंग. ग्रीनलंडचे शिकारी सुळे एकेक उपटून विकत नसत. कवटीचा पुढचा तुकडा, वरचा जबडा आणि नाकाचा भाग, दोन्ही सुळ्यांसकट कुऱ्हाडीने तोडून तसाच जोडीने पाठवायचे. दात सुरक्षित राहायचे, जोडी फुटायची नाही. युरोपातला कारागीर सुळे काढून घ्यायचा आणि जबड्याचं हाड फेकून द्यायचा. आज संशोधकांना हवं होतं ते नेमकं हे फेकलेलं हाड.

2018 मध्ये बास्तियान स्टार, जेम्स बॅरेट आणि सहकाऱ्यांनी युरोपच्या संग्रहांतल्या अशा अवशेषांचा प्राचीन डीएनए तपासला. वॉलरसचा एक वंशगट फक्त ग्रीनलंड-कॅनडाच्या बाजूला सापडतो. जुन्या नमुन्यांत पूर्वेकडचा, म्हणजे युरोपच्या उत्तरेकडचा मालही भरपूर होता. साधारण 1120 नंतर मात्र बहुसंख्य दात ग्रीनलंडच्या बाजूचे. आता तारीख बघा: 1124 मध्ये आर्नाल्ड हा ग्रीनलंडचा बिशप म्हणून नेमला गेला. ग्रीनलंडला आपला बिशप हवा म्हणून आयनार सोक्कासन नॉर्वेला गेला होता. जुनी कथा सांगते की जाताना त्याने सरदारांची मर्जी राखायला वॉलरसचे दात आणि दोर नेले, आणि सिगुर्द राजाला एक पांढरं अस्वल दिलं. बिशप मिळाला. असं म्हणता येईल की वस्तीने दात देऊन चर्च विकत घेतलं, आणि मग चर्चसाठी आणखी दात लागले.

बॅरेटच्याच गटाने 2022 मध्ये कीव शहरातल्या नऊ जबड्यांवर काम केलं. ते पोडिल या जुन्या व्यापारी भागातल्या उत्खननात बाराव्या शतकाच्या थरात मिळाले होते. तपासता आलेल्यांतले बहुतेक ग्रीनलंडच्या बाजूचेच निघाले. आर्क्टिकमधून नॉर्वे, तिथून बाल्टिक, नोवगोरोद, नीपर नदी, असा तो प्रवास. कीवच्या पलीकडे बायझंटियम आणि आशिया. दोन-अडीच हजार माणसांची वस्ती, आणि तिचा माल काळ्या समुद्राच्या वाटेवर!

हंगामाची टक्कर

आता खरा मुद्दा. वॉलरस वस्त्यांच्या दारात नव्हते. शिकारीची जागा ‘नॉर्दरसेतुर’ म्हणजे उत्तरेकडचे तळ. डिस्को उपसागर आणि त्याच्याही वरचा किनारा. जुन्या टिपणांप्रमाणे सहा वल्ह्यांच्या होडीने पश्चिम वस्तीपासून डिस्कोपर्यंत पंधरा दिवस. पूर्व वस्तीतून निघालं तर पश्चिम वस्तीपर्यंत पोचायलाच आणखी सहा. समुद्र मोकळा असतो उन्हाळ्यात. गवत कापायचं असतं उन्हाळ्यात.

कोकणातल्या वाचकाला हे लगेच कळेल. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि शेत उघडं. लावणी-बेणणी होते, नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की होड्या पाण्यात. एकच घर दोन्ही करू शकतं, कारण निसर्गानेच पाळी लावून दिलीय. ग्रीनलंडमध्ये ही पाळी नव्हती. शिकार आणि गवत एकाच दोन-अडीच महिन्यांवर हक्क सांगत होते.

माझा अंदाज मांडतो. सहा माणसं, डिस्कोला जाऊन-येऊन महिना, मारायला, सोलायला, जबडे तोडायला आणखी दोन-तीन आठवडे, वाऱ्या-बर्फाने अडकले तर जास्त. म्हणजे एका होडीमागे सहा धडधाकट पुरुष आख्ख्या गवताच्या हंगामाला गैरहजर. मागे राहतात बायका, म्हातारे, मुलं आणि मोठ्या जमीनदारांकडचे गडी. चार-पाच गाईंच्या लहान शेतकऱ्याच्या घरून एक मुलगा होडीवर गेला तर त्याची गंजी किती खाली येत असेल, हा आकडा पोपच्या वहीत नाही.

मांस तरी मिळत होतं का? मोठा नर टनाच्या आसपास भरतो. सहा वल्ह्यांच्या होडीत ते मांस पंधरा दिवस वाहून आणणं शक्यच नव्हतं. शेतांच्या उकिरड्यांतून हे स्पष्ट दिसतं. तिथे वॉलरसचे बरगडीचे, पायाचे हाड जवळजवळ नाहीत. आहेत त्या जबड्याच्या कपच्या, म्हणजे दात मोकळे करताना किंवा जोडी नीट छाटताना उडालेले तुकडे. खुद्द सुळ्याचे तुकडे फारच थोडे. तो माल निर्यातीचा, घरात त्यातलं काही ठेवायचं नाही. मागचे लहान दात तेवढे बटणं आणि छोट्या आकृत्या कोरायला वापरलेले.

याच उकिरड्यांत सीलची हाडं मात्र भरून आहेत. हार्प जातीचे सील वसंतात, गवत कापायच्या आधी, कळपांनी वस्तीच्या खाड्यांजवळून जातात. ती शिकार घराजवळ, हंगामाच्या मोकळ्या फटीत, आणि मांस सरळ ताटात. सील वस्तीला जगवत होता. वॉलरस वस्तीला लोखंड, चर्चच्या घंटा, पोपची पावती आणि युरोपशी नातं देत होता, पोटाला काही नाही. दोन्हींना ‘समुद्रातली शिकार’ या एकाच खात्यात टाकणारे अभ्यास वाचले की मला वाटतं, हिशेबनिसाने किराणा आणि दागिने एकाच रकान्यात लिहिलेत.

काही जणांनी हंगामाची अडचण दुसऱ्या टोकाकडून सोडवायचा प्रयत्न केला असावा. उपर्नाविकच्या उत्तरेला, जवळजवळ 73 अक्षांशावर, किंगिटोरसुआक बेटावर 1824 मध्ये एक छोटा रून-शिलालेख (रून ही नॉर्सांची जुनी लिपी) सापडला. एर्लिंग सिग्वात्सन, ब्यार्नी थोर्दार्सन आणि एइंद्रिदी ओद्दसन यांनी प्रार्थना-मिरवणुकीच्या दिवसाआधीच्या शनिवारी हे दगडांचे ढीग रचले, असं त्यावर आहे. तो दिवस एप्रिलच्या अखेरीला येतो. त्या सुमारास इतक्या वर हजर असायचं तर हिवाळा तिथेच कुठेतरी काढलेला असणार. दगडावर तिघांची नावं आहेत. घरी गवत कोणी कापलं, ते त्यावर कोरलेलं नाही.

खाण सरकत गेली

वॉलरस हे सावकाश वाढणारं जनावर. मादीला दोन-तीन वर्षांत एक पिल्लू. कळप किनाऱ्यावर गर्दीने पडून राहतात, भाल्याने मारणाऱ्याला सोयीचे. आइसलंडचा स्वतःचा वेगळा वॉलरस-गट होता. माणसं 870च्या सुमारास तिथे वसली आणि पुढच्या काही शतकांत तो गट संपला. ग्रीनलंडला जाण्यामागे हेही एक कारण असावं, असं आता बरेच जण मानतात. आधीची खाण रिकामी होत होती.

तीच गोष्ट ग्रीनलंडमध्ये पुन्हा घडली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युरोपभरातल्या 67 जबड्यांच्या अभ्यासात काळ पुढे सरकतो तसे जबडे लहान होत जातात आणि माद्यांचं प्रमाण वाढतं, म्हणजे मिळेल ते मारलं जात होतं. 2024 मध्ये कोपनहेगन आणि लुंडच्या संशोधकांनी डीएनएच्या आधारे दाखवलं की काही दात पार वरच्या ‘उत्तर पाण्या’तून, ग्रीनलंड आणि एल्समिअर बेटांमधल्या न गोठणाऱ्या पट्ट्यातून आले. तिथे नॉर्स लोक एकटे नव्हते. आधी तुनीत, म्हणजे आर्क्टिकचे जुने रहिवासी, आणि तेराव्या शतकात आलेले थुले इनुइट. त्यांच्याकडे शिकारीत रुतल्यावर आडवं होणारं हारपूनचं टोक होतं. बर्फाच्या कडेला, उघड्या पाण्यातही वॉलरस मारायची कला होती. नॉर्सांनी तेवढ्या वर जाऊन मारलं, की इनुइटांकडून घेतलं? बहुधा दोन्ही. एल्समिअरजवळच्या स्क्रेलिंग बेटावर इनुइट घरांतून नॉर्स जहाजाचे खिळे आणि साखळी-चिलखताचे तुकडे निघाले आहेत. देवघेव होती एवढं दिसतं. ज्याला लोखंड दुर्मिळ त्यानेच लोखंड दिलं असेल, तर दाताची भूक किती होती हे त्यावरून कळावं.

दूर गेलं की होडीचे दिवस वाढतात. दिवस वाढले की गवत घटतं. जनावर लहान म्हणजे दर खेपेला वजन कमी. म्हणजे बर्गनच्या तराजूत तोच एक लिस्पुंड ठेवायला गवताचे जास्त दिवस जात होते, भाव काहीही असो.

आणि भाव

भाव घसरला, तो हत्तीमुळे. पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत युरोपला जाण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या किनाऱ्याला लागत होता. 916च्या सुमारास अरब प्रवासी मसूदी चौलला, त्याच्या भाषेत सैमूरला, येऊन गेला. झंज देशाचा, म्हणजे पूर्व आफ्रिकेचा, हस्तिदंत ओमानमार्गे हिंदुस्थानात आणि चीनला जातो, आणि हिंदुस्थानात तो खंजिराच्या मुठी आणि विशेषतः बुद्धिबळाचे मोहरे करायला वापरतात, असं तो लिहितो. आज रायगड जिल्ह्यातलं चौल म्हणजे नारळ-पोफळीची वाडी आणि शांत रस्ते. त्या काळी ते भरभराटीचं बंदर होतं. उत्तर अटलांटिकमध्ये वॉलरसचा मोहरा होण्याच्या दोन-अडीच शतकं आधी हिंदी महासागरात हत्तीच्या दाताचा मोहरा चालत होता.

युरोपात हा माल भरपूर आला तो तेराव्या शतकात. कलेतिहासकार सारा गेरिन यांचं म्हणणं असं की उत्तरेकडच्या कापड उद्योगाला लागणाऱ्या तुरटीच्या जहाजांतून, भूमध्य समुद्रातून जिब्राल्टर ओलांडून, हस्तिदंतही येऊ लागला. पॅरिसच्या कारागिरांनी त्यातून वीतभर उंच मूर्ती कोरल्या. वॉलरसच्या सुळ्यात तेवढी रुंदी नसतेच. राजदरबाराची आवड तिकडे वळली.

इथे नेहमीची गोष्ट थांबते: हत्ती आला, भाव पडला, ग्रीनलंड बुडालं. मला ती पुरेशी वाटत नाही. 1327 हे पॅरिसच्या हस्तिदंताच्या ऐन भराचं वर्ष, तरी तो ढीग विकला गेला, आणि स्वस्तात नव्हे. शिवाय लहान माद्या आणि लांबचे दात वस्तीच्या याच नंतरच्या काळातले. भाव पडला म्हणून शिकार थांबली असती तर वॉलरसला उसंत मिळाली असती. उलट घडलं. कांदा उत्पादकाला हे समजावून सांगायला नको: भाव पडतो, देणं तेवढंच राहतं, आणि माणूस पुढच्या हंगामात आणखी लावतो. ग्रीनलंडचं देणं म्हणजे लोखंड आणि दशांश. दोन्ही कमी झाले नाहीत.

आणि निर्णय कोणाचा? गार्दार, म्हणजे आजचं इगालिकु, इथे बिशपची गादी होती. त्याच्या गोठ्यांत सुमारे शंभर गाईंची सोय. देशातली सगळ्यांत चांगली कुरणं त्याच्याकडे आणि थोड्या बड्या घरांकडे. त्यांचं गवत कुळं कापत. त्यांच्या होडीवरही बहुधा कुळांचीच पोरं. दातांचा फायदा ज्यांना दिसायचा त्यांना गवताचं नुकसान दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. गार्दारच्या कॅथेड्रलच्या आवारात उत्खननात पुरलेल्या वॉलरसच्या कवट्या निघाल्या आहेत. नवस होता, की शिकारीचा मान, काहीही म्हणा. त्या जनावराला तिथे देवाच्या दारात जागा होती.

शेवटची पानं

1341 मध्ये बर्गनहून निघालेल्या ईवार बार्दार्सनच्या नावावर एक वृत्तांत आहे. त्यात पश्चिम वस्ती ओस पडलेली, मोकाट गाई-मेंढ्या फिरताहेत, माणूस नाही. ही वस्ती शिकारीच्या वाटेवरचा मधला तळ होती. ती गेल्यावर पूर्व वस्तीच्या होडीला सगळं अंतर एका दमात कापायचं होतं. 1349 मध्ये प्लेग बर्गनला पोचला आणि नॉर्वेची अर्ध्याच्या आसपास माणसं घेऊन गेला. तिकडे गिऱ्हाईक, जहाजं आणि पाद्री सगळ्यांचाच तुटवडा. गार्दारचा बिशप आल्फ 1370च्या दशकात वारला, आणि ही बातमी नॉर्वेला कळली 1383 मध्ये. त्याच्यानंतर नेमलेला एकही बिशप ग्रीनलंडला जाऊन राहिला नाही. हवा थंड होत होती, समुद्रात बर्फ वाढत होता, हे आहेच.

नंतरच्या कबरींतल्या हाडांवरून दिसतं की ही माणसं आधीपेक्षा कितीतरी जास्त समुद्रातलं खात होती. मुख्यतः सील, घराजवळचा, वसंतातला. म्हणजे वेळापत्रक शेवटी त्यांनी बदललं. बर्गनला पाठवायला त्यात काही नव्हतं.

ग्रीनलंडहून आलेली शेवटची लेखी बातमी लग्नाची आहे. 16 सप्टेंबर 1408, ह्वाल्सेचं दगडी चर्च, नवरा थोर्स्टेइन ओलाफ्सन, नवरी सिग्रिद ब्यर्न्सदोत्तिर. दोघं 1410 मध्ये देश सोडून गेली आणि पुढे आइसलंडला राहिली. सप्टेंबरच्या मध्यावर लग्न, म्हणजे गवत आत घेऊन झाल्यावर. आपल्याकडे सुगी आटोपल्यावर काढावा तसा मुहूर्त.

इगालिकुला 1783 मध्ये आंदर्स ओल्सन नावाचा नॉर्वेजियन आपल्या इनुइट बायकोबरोबर, तुपेर्नाबरोबर, गुरं घेऊन राहायला आला. बिशपच्या वाड्याचे पडलेले लालसर दगड उचलून त्या दोघांच्या वंशजांनी घरं बांधली. तिथे आजही मेंढपाळ राहतात, आणि उन्हाळ्यात कॅथेड्रलच्या जोत्याभोवतीच्या त्याच जमिनीवरून हिवाळ्याचं गवत कापून घेतात.